खोक्यातला पौष

पौष लागला की आमच्याकडे पंखा बंद होतो. मरोळला थंडी म्हणजे एवढीच. पहाटे चादर ओढावीशी वाटते, नळाचं पाणी हाताला लागतं, आणि समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन कानाला मफलर बांधून बसतो, जसा काही काश्मिरातच ड्युटीला आहे. थोडे दिवस हा खेळ चालतो. मग परत घाम.

यंदा पंखा बंद केला आणि घरातला आवाजच गेला. इंदू, माझी बायको, दिवाळीच्या तोंडावर गेली. पंखा फिरत असतो तोवर घरात कोणीतरी आहे असं वाटतं. बंद केला की कळतं. मुलगी मुलुंडला असते. ती म्हणते, बाबा, इकडे या राहायला. मी येतो म्हणतो आणि जात नाही. सकाळी खुर्ची खिडकीशी ओढायची आणि उन्हाची वाट बघायची. समोर टॉवर झाल्यापासून ऊन उशिरा येतं. तोवर हात काखेत घालून बसतो. आणि हात काखेत गेले की मला अंडी आठवतात.

हसायचं तर हसा. मला खरंच अंडी आठवतात. कोंबडीची, तांबूस, गावठी. एकेका अंड्याला काजळाचा ठिपका लावलेला.

आताचे दिवे पांढरे आणि थंड. हात लावून बघा, काही नाही. पूर्वीचा बल्ब तसा नव्हता. पिवळा उजेड द्यायचा आणि जवळ गेलं की गालाला कळायचं, इथे काहीतरी आहे म्हणून. आमच्या खोलीत एक पौष असा गेला की तो पिवळा उजेड खोक्याच्या भोकांतून बाहेर यायचा, छपरावर त्याचे ठिपके पडायचे, आणि संध्याकाळी दार लोटून आम्ही तिघं त्या ठिपक्यांखाली बसायचो. मुलगी तेव्हा लहान होती. ती विचारायची, "आई, आत कोण आहे?" इंदू म्हणायची, "तुझी आजी." मी म्हणायचो, पोरीला घाबरवू नको. ती म्हणायची, घाबरते कोण? तुम्हीच घाबरताय.

गिरण्यांचा संप झाला त्याच्या पुढची ती थंडी. इंदूची आई मार्गशीर्षात गेली, गावी, कोकणात. घरात म्हातारी एकटीच. मागे एक कौलारू घर आणि सात-आठ कोंबड्या. त्या कोंबड्या वेगळ्या होत्या. मानेवर पीस नाही. नुसती लाल, उघडी मान, वर तुरा, खाली अंगभर पिसं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं आजारी आहे. मला तरी लग्नात तसंच वाटलं होतं. पण म्हातारीला त्यांचा भारी अभिमान. तिच्या आईकडून तिला आलेल्या, त्या आईला तिच्या आईकडून. त्या वाडीत तसल्या कोंबड्या फक्त तिच्याच दारात.

दिवस झाल्यावर आमच्यात तिखटाचं जेवण असतं. इतके दिवस अळणी-गोड खाल्लेलं असतं, मग भाऊबंद, गाववाले यांना बसवून मटण-कोंबडी घालायची आणि दुःखाचं दार लावायचं. रीतच आहे ती. इंदूचा धाकटा भाऊ वामन, गिरणीत साचेवाला होता, राहायला घाटकोपरला. गिरणी बंद पडलेली, पोरगा रिकामा. त्याने काय केलं, पहाटे उठून आईच्या सगळ्या कोंबड्या कापल्या. इंदू विहिरीवरून आली तेव्हा परसात नुसती पिसं.

ती वाढायला उभी राहिली, सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही. कोंबड्या त्या दिवसांतही अंडी घालत होत्या, त्यांना सुतक कोण सांगणार. इंदू ती रोज उचलून भाताच्या कोंड्यात ठेवत होती, उगाच, सवयीने. निघताना तिने तुपाचा रिकामा डबा घेतला, त्यात कोंडा भरला, कोंड्यात अंडी लावली, आणि डबा मांडीवर धरून एसटीत बसली. मी म्हटलं, वर रॅकवर ठेव. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला. घाटात एका खड्ड्यात सगळी बस उडाली. तेव्हा ती म्हणाली, "एक गेलं." कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, "मांडीला कळलं."

मुंबईत उतरलो आणि तिने सांगून टाकलं. "ही माझ्या आवशीची कोंबडी. हिची पिल्लां होवक व्हयी."

"कोंबडी कुठाय तुझ्याकडे बसवायला?"

"तुम्ही फिटर ना? मग करा."

मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात फिटर होतो. लेथवर काय हवं ते करून दिलं असतं. कोंबडी कशी करणार? पण तिचा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशी विचारत फिरलो. आमच्या ओळखीत एक जण होता, आरेच्या बाजूला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. त्याने चहा पिता पिता सगळं सांगितलं. लाकडी खोकं घे, आतून थर्माकोल लाव, बल्ब टाक, भोकं पाड, पाण्याची वाटी ठेव. ऊब माणसाला बारीक ताप असतो तेवढी. रोज अंडी उलटी कर, नाहीतर पिल्लू एका बाजूला चिकटतं. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, "एवढंच. कोंबडीला एवढंच काम असतं, पण ती दुसरं काही करत नाही."

ते वाक्य मला तेव्हा समजलं नाही.

वर्कशॉपात मशीनचे पार्ट यायचे त्याचं एक पॅकिंगचं खोकं आणलं. रविवारी बसून ठोकलं. ताप बघायचा काचेचा थर्मामीटर आत लटकवला. त्याची गंमत अशी की पारा एकदा चढला की खाली येत नाही, झटकावा लागतो. त्यामुळे आत ऊब कमी झाली तरी तो आपला चढलेलाच. दोन दिवस मी खोकं ठीक चाललंय म्हणून खूश. इंदूने एक अंडं उचललं, डोळे मिटले आणि पापणीला लावलं. म्हणाली, "गार आहे." थर्मामीटर झटकून परत लावला. गार होतं. मग मी मोठा बल्ब आणला. पुढे थर्मामीटर राहिला लटकत, बघायचं काम पापणीने केलं. सकाळी उठली की अंडं पापणीला, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. डोळे मिटून, अंडं धरून, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी उभी. मी ऑफिसातला शिकलेला साहेब नाही, मला त्याला काय म्हणतात ठाऊक नाही. पण ते बघितलं की मी बोलायचं थांबायचो.

काजळाचा ठिपकाही तिचाच. मी म्हणत होतो खडूने फुली मारू, म्हणजे कुठली बाजू वर ती कळेल. ती म्हणाली, फुली कसली मारता, वखारीतला माल आहे? तिने प्रत्येक अंड्याला तीट लावली, बाळाला लावतात तशी. बाजूही कळते, नजरही लागत नाही.

आता भांडण झालं ते आकड्यावरून.

कोंबडीखाली अंडी विषम ठेवायची, हा त्यांच्याकडचा नियम. सम ठेवली की पिल्लं धरत नाहीत. का, ते विचारायचं नाही. गावाहून निघताना अकरा होती. घाटात एक गेलं, उरली दहा. मी म्हटलं, एक काढून ठेव, नऊ कर. ती म्हणाली, काढू कुठलं? तूच सांग कुठलं काढू. चिडली की ती मला तू म्हणायची. मग नाक्यावर गेली आणि दुकानातून एक अंडं घेऊन आली. पोल्ट्रीचं, पांढरं, धुतल्यासारखं.

"इंदे, त्यातनं काय निघणार? त्याला बाप नाही."

"उबवूक नाय हां. संख्येक हां."

"सडेल ते."

"एवढ्या जणांत एक पाहुणं सडत नाही. गप रवा."

आणि त्या पांढऱ्यालाही तिने तीट लावली. मला हसू आलं, पण आता वाटतं, तिने ते एकटं पडू नये म्हणून लावली असेल. तिचं असंच असायचं. चाळीत हळदीकुंकवाला सगळ्या बायका बोलावल्या आणि एखादी राहिली, तर ही ताट घेऊन तिच्या दारात.

शेजारी नाईकवहिनी राहायच्या, तोंडाला फाटक नाही. रोज सकाळी कठड्याला टेकून विचारायच्या, "काय गं इंदू, उठलीस की अजून खुडूक?" कोंबडी अंड्यांवर बसायला आली की तिला खुडूक झाली म्हणतात. ती खात नाही, फिरत नाही, फुगून एका जागी बसते, कोणी जवळ गेलं की गुरगुरते. इंदूही तशीच झाली होती. पौषातली दुपार, चाळीतल्या बायका गॅलरीत उन्हात तांदूळ निवडायला बसायच्या, ही आत खोक्याजवळ. अंडी उलटी करताना बांगड्या काढून ठेवायची, आवाज नको म्हणून. मी म्हणायचो, त्यांना कान आले नाहीत अजून. ती म्हणायची, "तुम्हाला तरी कुठे आलेत?"

आठवडाभराने फार्मवाल्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही अंडी बघितली. संध्याकाळी दार-खिडकी बंद केली. खोक्याच्या झाकणाला रुपयाएवढं भोक पाडलं, त्याखाली बल्ब, भोकावर अंडं धरायचं. पहिलं मी धरलं. बाकी खोलीत काळोख, आणि माझ्या बोटांत ते अंडं पेटलं. आत लाल दोरे. एका ठिपक्यापासून निघून सगळीकडे पसरलेले, झाडाच्या मुळ्या असतात तसे, आणि मधला ठिपका हलतोय. खरंच हलत होता. मी आयुष्यभर मशीन उघडून बघितली, आत काय चालतं ते मला दिसलेलं आहे. पण असं काही आत चालू असलेलं मी कधी बघितलं नव्हतं. स्क्रू नाही, बेल्ट नाही, कोणी चालू केलेलं नाही.

इंदू म्हणाली, "आवशीच्या हाताच्या शिरा अशाच होत्या."

मग एकेक अंडं पेटायचं, विझायचं, पुढचं पेटायचं. गावच्या सगळ्यांत कमीजास्त काहीतरी होतं. शेवटी पांढरं धरलं. ते नुसतं उजेडाने भरलं. स्वच्छ, पिवळं, रिकामं. मुलगी म्हणाली, यात कोणीच नाही. मी म्हटलं, काढ आता तरी. इंदूने ते माझ्या हातातून घेतलं आणि होतं तिथे परत ठेवलं. मी आणखी बोललो असतो, पण ती संध्याकाळ बोलायची नव्हती.

त्या दिवसांत मला वर्कशॉपातही तोच उजेड दिसायचा. लेथवर लोखंड कातताना चुरा लाल व्हायचा, मला वाटायचं आत कोणीतरी हलतंय. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी त्याला हात लावून बघायचो, किती ऊब राहिलीय. घरी येताना पाय आपोआप भराभर पडायचे. गॅलरीत वळलो की आधी दाराखालची फट बघायची. पिवळी रेघ दिसली की जीव भांड्यात. घरात आल्यावर इंदू सांगायची, आज यांनी कूस बदलली. मी म्हणायचो, तू बदललीस, तू हाताने उलटी केलीस. ती म्हणायची, तेच ते.

वामनशी ती बोलत नव्हती. तो दोनदा आला, दोन्ही वेळा ही उठून नाईकवहिनींकडे जाऊन बसली. तो माझ्यासमोर चहा प्यायचा, बशीत बघत, आणि जायचा. खोकं त्याने बघितलं, पण काय आहे ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बहीण-भावातलं भांडण, आपण मध्ये बोट घातलं की दोघं मिळून आपल्यालाच चावतात.

आता पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले होते. पहिली पाळी करून मी दुपारी परत आलो. जिन्यातच वास लागला. असा वास, की मला वाटलं गटार फुटलं. गॅलरीत बायका पदर नाकाला लावून उभ्या.

नाईकवहिनी म्हणाल्या, "भावजी, आधी खिडकी उघडा, मग चपला काढा."

आत इंदू भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली. मांडीवर माझा लोकरीचा स्वेटर, त्यात अंडी गुंडाळलेली, वरून पदर. खोकं उघडं पडलेलं, आत हिरवट घाण, थर्माकोलवर, बल्बवर, सगळीकडे.

"पांढरां फुटलां," ती म्हणाली.

"मी सांगत होतो."

"आता सांगून वास जाणार हां काय? खोको धुवा."

ते फुटलं ते शेजारची दोन घेऊनच. उरलेली आठ तिने कोमट पाण्यात फडकं बुडवून एकेक पुसली होती आणि अंगाशी धरून बसली होती. ओठ पांढरे. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "गार पडली तर किती वेळ राहतात?" मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, राहतात. आणि खोकं उचलून नळावर धावलो.

नळावर सोडा टाकून घासत होतो तर जिन्यात वामन. हातात बोरांची पिशवी, नाकाला रुमाल.

"भावोजी, वास कसला?"

"अंडं फुटलं. आत जा. ती आत्ता उठू शकत नाही, मांडीवर अंडी आहेत. बोलायचं असेल ते बोलून घे, असा चान्स परत नाही."

खोकं पुसायला फडकं घ्यायला मी परत आलो तेव्हा तो दाराच्या आत, उंबऱ्याला लागून उभा होता. साडेपाच-सहा फुटाचा माणूस, शाळेत उशिरा आलेल्यासारखा.

"ताई, ही आईकडची?"

"काजळ लावलंय म्हणून ओळखत नाहीस?"

"मला वाटलं सगळंच गेलं."

"सगळंच कापलंस. ह्यांना मान नव्हती म्हणून राहिली."

वामन मग म्हणाला, "अख्खी वाडी जेवायला होती ताई. गिरणीला टाळा. पानात काय घालणार होतो मी? माझं बोट?"

"माका विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

इंदूने मांडीवरचा पदर सारखा केला. बाहेर कोणीतरी बादली आपटली. "कापू नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "तरी तू कापल्याच असत्यास. मलाही ठाऊक होतं, दुसरं काही नव्हतं घरात. पण विचारलं असतंस."

त्याने पिशवी खाली ठेवली. दोन-चार बोरं लादीवर घरंगळली.

"उभा काय ऱ्हवलंस," इंदू म्हणाली. "माझ्या मांडीर जागा नाय. ही चार गार पडतत. हात धुव आणि घे."

त्याने हात धुतले, साबणाने, मनगटापर्यंत. खाटेवर बसला. तिने एकेक अंडं दिलं, त्याने शर्टाच्या आत घेतलं, दोन काखेत, दोन पोटाशी, आणि दोन्ही हातांनी वरून धरून बसला. श्वाससुद्धा जपून घेत होता. नाईकवहिनी दारातून डोकावल्या. "अगो बाय, आता भाऊपण खुडूक?"

"वहिनी, हसवू नका," वामन म्हणाला. "हललो तर आमचं खानदान जाईल."

मला वाटतं त्या महिन्यात इंदू पहिल्यांदा हसली ती तेव्हा. हसली आणि लगेच डोळे पुसायला हात मोकळा नाही, म्हणून पाणी तसंच गालावरून स्वेटरवर. वामनने ते बघितलं. "रडतंस कित्याक?" तो म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला, अंडी धरून, न हलता. मी खोकं घेऊन उन्हात गेलो. ऊन कलंडत होतं, गॅलरीच्या टोकाला तेवढा एक पट्टा राहिलेला. खोकं त्या पट्ट्यात धरून मी उभा राहिलो आणि पट्टा सरकेल तसा सरकत राहिलो.

आज मी खिडकीत बसतो तेव्हा तो पट्टा आठवतो असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर आठवतं ते आतलं दृश्य. दोघं बहीण-भाऊ, समोरासमोर, एक भिंतीला, एक खाटेवर, दोघांच्या अंगाशी एकाच घरचं काहीतरी. बोलत नाहीत. ऊब देतायत. फार्मवाला म्हणाला होता ते मला तिथे समजलं. दुसरं काही करायचं नाही, हेच ते काम. इंदूच्या शेवटच्या आजारपणात मी तेच केलं. डॉक्टर, औषधं सगळं मुलीने बघितलं. मी तिचे पाय हातात धरून बसायचो. गार पडायचे. धरून धरून जरा गरम व्हायचे. मी सोडले की परत गार. शेवटी पाय गरम होईनात. मी धरूनच होतो.

असो.

पिल्लं निघायचा दिवस आला तसा वामन सकाळीच घाटकोपरहून बस पकडून हजर. आदल्या संध्याकाळपासून तीन अंड्यांतून आवाज येत होता. अंड्याला कान लावला की आत टकटक, मध्येच बारीक चिवचिव, भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तशी. इंदू उत्तर द्यायची. कोंबडी देते तसा घशातून कुर्र कुर्र आवाज काढायची. आत गप्प व्हायचं, मग परत टकटक. मी म्हटलं, मी फोडून देऊ का जरा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे माझ्याकडे. बहीण-भाऊ दोघं एकदम अंगावर आले. त्याचं त्याला येऊ दे.

दुपारपर्यंत एक थांबलं. दुसऱ्याने चोच बाहेर काढली, आणि तशीच चोच बाहेर काढून ते मेलं. बाकीच्यांत आवाजच आला नाही. त्या सडक्याने वाट लावली, की गार पडली म्हणून, कोण जाणे. मेली. इंदूने पांढऱ्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. आम्ही तिघं त्या तिसऱ्याकडे बघत बसलो. जेवण कोणी केलं नाही. नाईकवहिनींनी भात-आमटी आणून झाकून ठेवली आणि एक अक्षर न बोलता गेल्या, यावरून समजा.

ते तिसरं दमून दमून आलं. टरफल गोल कातल्यासारखं कापत गेलं, लेथवर कापावं तसं, मग एक धक्का, आणि ओलं, चिकट, मुठीएवढंही नाही असं काहीतरी कोंड्यात आडवं पडलं. धापा टाकत होतं. मला तर वाटलं हेही गेलं. बल्बच्या उबेत ते हळूहळू सुकलं, लोकर फुलली, पिवळी-काळी. फुलत फुलत मानेपाशी आली आणि थांबली. मान उघडी. लाल. टाचणीसारखी बारीक, पण उघडी.

"ताई, मान बघ," वामन म्हणाला. कुजबुजला खरं तर.

इंदूने ते तळहातावर घेतलं, वर तोंडाजवळ आणलं आणि म्हणाली, "इलंस?"

एवढंच. वाट बघून बघून एखादं माणूस घरी पोचावं आणि आपण दार उघडून म्हणावं, तसं.

तो कोंबडा निघाला. चाळीतल्या पोरांनी त्याचं नाव बोडक्या ठेवलं. आई नसलेलं पिल्लू, त्याला खायचं कसं ते कोण शिकवणार? इंदू पेपर पसरून त्यावर कणी टाकायची आणि बोटाने टकटक करायची, ते बघून तो चोच मारायला शिकला. मग तिच्या मागे मागे गॅलरीभर. ती नळावर, हा नळावर. ती संडासच्या रांगेत, हा बाहेर उभा. होळी उलटल्यावर त्याला आवाज फुटला आणि पहाटे चाळ उठायला लागली. लोकांनी महिनाभर ऐकून घेतलं, बरीच म्हणायची. नाईकवहिनी म्हणाल्या, "इंदू, याचं लग्न तरी लाव, नाहीतर रस्सा तरी कर." इंदूने लग्न लावायचं ठरवलं. मे महिन्यात ती आणि वामन त्याला टोपलीत घालून गावी गेली. आईच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या घरी साध्या कोंबड्या होत्या, त्यांच्यात सोडून आली. परत आली तेव्हा मी विचारलं, रडलीस काय? म्हणाली, "मी कशाला? त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बापयांची जात."

मग वर्षं गेली. चाळ पाडली, बिल्डिंग झाली. गावी जाणं कमी होत गेलं, मग नाहीच. वामन आता घाटकोपरला अंथरुणावर असतो, माणसं ओळखतो, पण त्याचं बोलणं कोणाला समजत नाही. इंदू कधीकधी म्हणायची, काय झालं असेल हो पुढे? मी म्हणायचो, एखाद्या गटारीला खाल्लं असेल कोणीतरी. ती म्हणायची, तुमच्या तोंडाला कधी चांगलं आलंय?

यंदा ती गेल्यावर मी तिच्या माहेरी जाऊन आलो, गेल्या महिन्यात. सांगायचं कोणाला, तिकडे ओळखीचं कोणी राहिलेलं नाही. पण मुलगी म्हणाली, जाऊन या, आणि गाडी करून दिली. घराचा नुसता चौथरा उरलाय. मी तिथे उभा राहिलो. काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, पाय दुखत होते तेवढं जाणवलं.

मग पाणी मागायला खालच्या घरी गेलो. अंगणात कोंबड्या चरत होत्या. त्यांतल्या अर्ध्याअधिक उघड्या मानेच्या. पलीकडच्या अंगणात तशाच. बांधावर दोन, दगडी गडग्यावर एक कोंबडा, तोही तसाच, लाल मान ताणून ओरडत होता. मी मोजायचं सोडून दिलं. शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी तांब्या घेऊन आली.

मी विचारलं, "कोणाकडून आणल्या गो ह्या कोंबड्या? मानेवर पीस नसलेल्या."

तिला प्रश्न समजला नाही. "आणूक कित्याक व्हयी? हंयच्याच त्यो," ती म्हणाली. "आमच्याकडे अशेच असतत."

मी म्हटलं, असतील. सांगावंसं वाटलं, आणि नाही वाटलं. तिला काय सांगणार? मरोळ, थर्माकोल, बल्ब, माझी बायको.

पडवीच्या कोपऱ्यात टोपली होती, टोपलीत एक उघड्या मानेची फुगून बसलेली. मी वाकलो.

"आजोबा, थंय हात घालू नका," मुलगी म्हणाली. "खुडूक हा ती. टोचतली."

मी हात घातला. तिच्या पोटाखाली, पिसांत. आत केवढी ऊब होती. बोटांना अंडी लागली, एक, दुसरं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अंगठ्याच्या मुळाशी टोचलं, चांगलं करकचून. रक्त आलं. मुलगी म्हणाली, सांगितलं होतं ना, काढा हात.

मी म्हटलं, काढतो गो. जरा थांब.